पान अकरासाठी शुद्धिपत्रक

प्रति,
माननीय सदस्य,
रुग्णमाहिती समिती, कर्करोग विभाग

सप्रेम नमस्कार.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. पत्र कोणाला आहे हे तुम्हाला पुढच्या परिच्छेदात कळेलच. इतर वाचकांनी आपापल्या रुग्णालयातून आणलेली पुस्तिका कपाटातून काढून बघावी. फार वेगळं काही सापडेल असं मला वाटत नाही.

स्तनाच्या कर्करोगावरच्या तुमच्या माहितीपुस्तिकेची नवी आवृत्ती दोन महिन्यांपूर्वी ओपीडीत वाटायला आली. मुखपृष्ठावर 'सुधारित' असं छापलंय. पान अकरा, मथळा 'आजाराची कारणे', मुद्दा चौथा : 'मानसिक ताण, दडपून ठेवलेला राग, घरातील कलह व नकारात्मक विचारसरणी.' आधीच्या आवृत्तीत हा मुद्दा नव्हता. दोन्ही आवृत्त्या आत्ता माझ्यापुढे आहेत. पानाच्या तळाशी चौकट : 'आनंदी राहा, कर्करोगाला दूर ठेवा.' शेजारी एका हसऱ्या बाईचा फोटो. तिच्या डोक्यावर भरपूर केस आहेत.

मी मुद्रितशोधक आहे. गेली बावीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर वाचून त्यातल्या चुका काढते. ऱ्हस्वदीर्घ, सुटलेला अनुस्वार, एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर भलतंच पडलेलं साल. तीन वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी, डाव्या स्तनात गाठ लागली. बायोप्सी, शस्त्रक्रिया, आठ केमो, रेडिएशन आणि आता रोज एक टॅमॉक्सिफेन, म्हणजे कर्करोग परत येऊ नये म्हणून घ्यायची हार्मोनविरोधी गोळी. हे सगळं तुमच्याच इमारतीत झालं आणि चांगलं झालं. माझ्या सर्जनबद्दल किंवा केमोच्या सिस्टरांबद्दल माझी एका अक्षराचीही तक्रार नाही. तक्रार छापलेल्या अक्षरांबद्दल आहे.

पुस्तिका मी घरी आणली, टेबलावर ठेवली आणि विसरले. चार दिवसांनी रात्री माझी मुलगी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती तेरा वर्षांची आहे. म्हणाली, "आई, तुला आजार झाला त्याच्या आधी मी खूप भांडायचे ना तुझ्याशी?" मी म्हटलं, "भांडायचीस की. अजूनही भांडतेस." ती हसली नाही. "तसं नाही. आधी. खूप?" मला काही बोध होईना. झोप येत नसेल म्हणून उगाच काहीतरी, असं समजून मी तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुस्तिका हातात घेतली तेव्हा उलगडा झाला. पान अकरावर 'घरातील कलह' या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ होती. पट्टी लावून मारलेली, अगदी सरळ.

निदान झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती.

तुम्ही म्हणाल, लहान मुलांसाठी पुस्तिका नाहीच. खरंय. पण ती घरात येते, आणि घरात माणसं असतात. नवरा वाचतो, आई वाचते, सासू वाचते. प्रत्येकाला त्या चौथ्या मुद्द्यात कोणीतरी सापडतं. कोणाला दुसरा, कोणाला तो स्वतःच.

आपल्या भाषेत ताण 'येतो', पण टेन्शन 'घेतात'. "फार टेन्शन घेतेस तू." कर्ता मी. मनाला लावून घेतलं, कुढत बसली, मन मारून जगली, सगळीकडे क्रियापद बाईच्याच गळ्यात. निदानानंतरच्या पंधरवड्यात मला भेटायला आलेल्यांपैकी मॅमोग्राफीबद्दल क्वचितच कोणी बोललं. टेन्शनबद्दल मात्र जवळजवळ प्रत्येकजण बोलला. वडील गेले ते फार मनाला लावून घेतलंस. रात्ररात्र प्रुफं तपासत बसायचीस. स्वभावच तुझा तसा. माणसं मायेने बोलत होती हे मला कळत होतं. शिवाय कारण सापडलं की भेटायला आलेल्यालाही जरा सुटल्यासारखं होतं : ती कुढायची, तिला झाला, आपण काही कुढत नाही. घरच्यांचं, दारच्यांचं हे सगळं मी सोडून दिलं होतं. पण तेच वाक्य रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी छापून आलं की घरात त्याला निदानाचं वजन येतं. म्हणून पहिली तक्रार ही, की पान अकरावरचा चौथा मुद्दा पुराव्याला धरून नाही.

मी डॉक्टर नाही. पण एखादं विधान कशाच्या आधारावर उभं आहे हे तपासायची सवय हाडात भिनलीय, आणि दोन महिने माझ्यापाशी होते.

ही समजूत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन कर्करोगाचं मूळ काळ्या पित्तात शोधायचा, आणि काळं पित्त वाढलेला माणूस म्हणजे उदास प्रकृतीचा माणूस. पुढे वैद्यकातून काळं पित्त गेलं, उदास बाई तेवढी राहिली. विसाव्या शतकात 'कर्करोगप्रवण व्यक्तिमत्त्व' असं नवं नाव घेऊन ती परत आली : राग गिळणारी, सगळ्यांचं ऐकणारी, स्वतःसाठी काही न मागणारी. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिचेक यांनी अशा स्वभावामुळे कर्करोगाने मरण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे निष्कर्ष छापले. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने चौकशी केली आणि आयसेंक यांचे २६ शोधनिबंध भरवशाचे नाहीत असं जाहीर केलं. आयसेंक यांना तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळत होता हे आता उघड आहे. ताणाच्या आधुनिक अभ्यासाचे जनक म्हणवले जाणारे हान्स सेल्ये यांनाही त्याच उद्योगाने पैसा पुरवला होता. दोष धुराचा नसून स्वभावाचा आहे, हे वाक्य सिगारेट विकणाऱ्याला किती सोयीचं होतं ते वेगळं सांगायला नको. तुमच्या समितीला ते का सोयीचं वाटावं, हे मात्र मला कळलेलं नाही.

आता मोठ्या अभ्यासांकडे येते. ब्रिटनमधल्या 'जनरेशन्स स्टडी'त १ लाख ६ हजारांहून जास्त स्त्रियांना आजार होण्याच्या आधीच विचारून ठेवलं होतं, की गेल्या काही वर्षांत ताण किती होता, कोणत्या आपत्ती आल्या. पुढे त्यांपैकी १,७८३ जणींना स्तनाचा कर्करोग झाला. २०१६ मध्ये निष्कर्ष आला : ताण जास्त म्हणून धोका जास्त, असं दिसलं नाही. युरोपातले १२ अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये सुमारे १ लाख १६ हजार स्त्री-पुरुषांच्या नोकरीतल्या ताणाचा हिशेब मांडला गेला. स्तनाच्या कर्करोगाशी त्याचाही संबंध लागला नाही. २०२३ मध्ये १८ अभ्यासांतल्या तीन लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली. नैराश्य आणि चिंताविकार असलेल्यांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो असं तिथेही आढळलं नाही. आणि डेन्मार्कचा एक अभ्यास वाचताना मी पान बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. ज्यांच्या मुलांना कर्करोग झाला अशा ११,३८० आईबापांचा तो अभ्यास. याहून मोठा ताण कोणता असतो? त्या आईबापांमध्येही कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं नव्हतं.

उलट दिशेचे अभ्यास आहेत, तेही मी लपवणार नाही. फिनलंडमध्ये १०,८०८ स्त्रियांच्या अभ्यासात घटस्फोट, नवऱ्याचा किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू अशा घटनांनंतर धोका वाढलेला दिसला. हा २००३ चा अभ्यास. त्यात कर्करोग झालेल्या १८० जणी होत्या. त्याच संशोधकांनी दोन वर्षं आधी रोजच्या जगण्यातला ताण तपासला होता, तेव्हा संबंध सापडला नव्हता. आणि २००५ मध्ये कोपनहेगनच्या ६,६८९ स्त्रियांमध्ये भलतंच निघालं : ज्यांनी ताण जास्त असल्याचं सांगितलं होतं त्यांना स्तनाचा कर्करोग कमी झाला. मग आता पान अकरावर 'टेन्शन घ्या, कर्करोग टाळा' असं छापायचं का? नाही ना? मग एका बाजूचे दोन-तीन आकडे उचलून दुसरं वाक्य तरी का छापलं?

तरी प्रत्येक रुग्णाला वाटतंच, की आपल्या बाबतीत ताणच कारण होता. मलाही वाटलं होतं. निदान झाल्यावर आपण मागे वळून बघतो आणि शोधायला लागतो. गाठीच्या आधी चार वर्षं माझे वडील गेले, म्हणून मी ते कारण धरलं. ते गेले नसते तर दुसरं काहीतरी धरलं असतं. मागच्या पाच वर्षांत काहीच घडलं नाही असं माणूस कुठून आणायचं? म्हणूनच आजार झाल्यावर विचारलेल्या आठवणींवर उभे असलेले अभ्यास कच्चे, आणि आधी विचारून ठेवलेले पक्के धरतात.

मुलीला हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. तिला मी गणित घालून दाखवलं. पान अकराच्याच कोऱ्या समासात. गाठ एक सेंटिमीटरची झाली की तिच्यात साधारण १०० कोटी पेशी असतात. एका पेशीपासून सुरुवात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तिला वाटलं, कोटींपर्यंत जायला पानंच्या पानं लागतील. तीस दुपटींत गेलो. एका दुपटीला किती दिवस लागतात ते गाठीगाठीवर अवलंबून; पण शंभर दिवस धरले तर तीन हजार दिवस, म्हणजे आठ वर्षांच्या वर. मी म्हटलं, "मला गाठ लागली तेव्हा तू दहाची होतीस. त्याच्या आठ वर्षं आधी किती वर्षांची होतीस?"

"दोन."

"मग तेव्हा काय भांडायचीस माझ्याशी?"

ती थोडा वेळ विचार करत राहिली. "मोजे," म्हणाली. "मोजे घालायला नको म्हणायचे, असं तूच सांगतेस." तेव्हा कुठे हसली.

ताणाचा शरीराशी संबंधच नाही, असं कृपा करून माझ्या तोंडी घालू नका. ताण आला की कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन, नॉरॲड्रेनालिन रक्तात उतरतात, आणि गाठीतल्या पेशींवरही त्यांचा संदेश टिपणारे रिसेप्टर असतात. २०१० मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. स्तनाचा कर्करोग असलेल्या काही उंदरांना जखडून ठेवून ताण दिला. मूळ गाठ फारशी वाढली नाही, पण कर्करोग इतर अवयवांत पसरण्याचं प्रमाण ३० पट झालं. रक्तदाबाच्या औषधांतलं जुनं प्रोप्रानोलॉल दिल्यावर हा परिणाम थांबला. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६० स्त्रियांपैकी काहींना शस्त्रक्रियेआधी आठवडाभर हेच औषध दिलं, तेव्हा गाठीतल्या पसरण्याशी निगडित काही खुणा कमी झालेल्या दिसल्या. आयुष्य त्याने वाढतं का, हे त्या चाचणीने दाखवलेलं नाही. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं आणि पुस्तिकेत त्यावर अर्धं पान दिलंत तर मी आनंदाने वाचेन. पण त्यात काय आहे ते नीट बघा. झालेला कर्करोग पसरण्याबद्दलचं ते आहे, कर्करोग होण्याबद्दलचं नाही. निम्मं उंदरांमधलं आहे. आणि त्यातला इलाज गोळी आहे. उंदरांना कोणी 'आनंदी राहा' म्हणालं नव्हतं.

ताणाची आडवाट मात्र खरी आहे. ताणाखाली माणूस सिगारेट ओढतो, दारू घेतो, व्यायाम सोडतो, वजन वाढतं. यातली दारू, पाळी गेल्यानंतरचं वाढतं वजन आणि बैठं जगणं ही स्तनाच्या कर्करोगाची धोका वाढवणारी कारणं म्हणून पक्की आहेत. आणि इथे मुद्रितशोधकाला दिसलेली गंमत सांगते : पान अकरावरच्या सहा मुद्द्यांत 'दडपून ठेवलेला राग' आहे, 'मद्य' हा शब्दच नाही.

दुसरी तक्रार माझी नाही, केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीत असायच्या त्या बाईंची आहे. त्या आता नाहीत, म्हणून मी करतेय. अतिशय हसऱ्या. सुई शोधताना सिस्टर दमल्या की त्यांनाच धीर द्यायच्या. गाठ हाताला लागल्यावर सात महिने त्यांनी कोणाला दाखवली नव्हती. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "अगं, मी जन्मात कधी टेन्शन घेतलं नाही. म्हटलं, मला कशाला होतंय!" तुमच्या चौकटीतलं वाक्य उलटं वाचलं की हेच निघतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की स्तनाचा कर्करोग होणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये बाई असणं आणि चाळिशी ओलांडलेली असणं याखेरीज धोक्याचं ठळक कारण सापडत नाही. २०२२ या एका वर्षात जगात २३ लाख स्त्रियांना हा आजार झाला आणि ६ लाख ७० हजार दगावल्या. त्यांच्यात कुढणाऱ्या असतील, तशा खळखळून हसणाऱ्याही असतीलच की. हसऱ्या बाईने गाठ दाखवायला लगेच यावं असं वाटत असेल, तर ती चौकट काढा.

तिसरी तक्रार पान सोळावर : 'सकारात्मक विचार म्हणजे अर्धा उपचार.' कुठला अर्धा? शस्त्रक्रियेचा की केमोचा? १९९९ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग असलेल्या ५७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची 'लढाऊ वृत्ती' दांडगी होती त्या काही जास्त जगल्या नाहीत. त्याआधी १९८९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्पीगल यांनी कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रियांच्या चाचणीत दाखवलं होतं, की दर आठवड्याला गटात बसून मन मोकळं करणाऱ्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. केवढी आशा होती ती! मग २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर तशीच चाचणी झाली. आयुष्य वाढलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. २००७ मध्ये स्वतः स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर पुन्हा करून पाहिलं. एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि तसं त्यांनी छापलं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. गटात बसल्याने दिवस वाढत नसतील, पण आहेत ते दिवस बरे जात असतील, तर मला तेवढंही पुरे आहे.

'सकारात्मक राहा'चा जाच काय असतो ते सांगते. दर तपासणीच्या आदल्या रात्री मला रडू येतं. येऊ दे, त्यात काय. पण पान सोळा वाचल्यापासून रडताना आणखी एक भीती वाटते : या रडण्यानेच परत येईल का? आणि परत आलाच, तर "हिने विचार चांगले ठेवले नाहीत" असं म्हणायला माणसं मोकळी.

१९९९ च्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, आणि ती तुमच्या फार उपयोगाची आहे. ज्या स्त्रिया पूर्ण हताश झाल्या होत्या, ज्यांना गंभीर नैराश्य होतं, त्यांच्यात आजार उलटण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. हताश माणसाला पुस्तिकेतून 'आनंदी राहा' सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाला 'चाल' म्हणण्यासारखं आहे. त्याला उपचार लागतो, आणि उपचाराला माणूस लागतं. इथून माझी चौथी आणि सगळ्यांत मोठी तक्रार सुरू होते.

रेडिएशनच्या प्रतीक्षागृहापलीकडे, व्हरांड्याच्या टोकाला समुपदेशनाची खोली आहे. मी केमो घेत होते तेव्हा ती आठवड्यातले पाच दिवस उघडी असायची. नवी पुस्तिका निघाली त्याच महिन्यापासून ती फक्त गुरुवारी दोन तास उघडते. परवा रेडिएशनच्या एका बाईंना सोबत म्हणून आले होते, तेव्हा दाराच्या काचेतून आत डोकावले. पुस्तिकांची खोकी खिडकीपर्यंत रचलेली. ज्या खुर्चीत बसून मी तिथे तासन्‌तास बोललेय, ती त्यांच्यावर पालथी घातलेली.

ताण आजाराचं कारण आहे असं सांगणाऱ्या पुस्तिका, आजारातून आलेल्या ताणावर इलाज करणाऱ्या खोलीत! विनोद म्हणून छापला असता तर मी तो अतिशयोक्ती म्हणून खोडला असता.

त्या खोलीची किंमत मला कशी कळली ते सांगते. टॅमॉक्सिफेन सुरू होऊन पाच महिने झाले होते. झोप नव्हती, छाती धडधडायची, जेवण जात नव्हतं. बाहेरच्या एका डॉक्टरांनी मला पॅरॉक्सेटिन हे नैराश्य-चिंतेवरचं औषध दिलं. आणखी काय औषधं चालू आहेत हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तपासणीला इथे आले तेव्हा इथेही कोणी विचारलं नाही. विचारलं ते समुपदेशक बाईंनी. त्यांच्या वहीत प्रत्येक भेटीच्या वर एक ओळ असायची : 'सध्याच्या गोळ्या'. मी नाव सांगितलं तशी त्यांनी वही मिटली आणि मला घेऊन तडक ऑन्कॉलॉजिस्टकडे गेल्या. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनसारखी औषधं शरीरातलं जे विकर (एन्झाइम) अडवतात, त्याच विकराच्या मदतीने टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप तयार होतं. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या की कर्करोगाची गोळी लंगडी पडू शकते. माझं औषध हळूहळू बदललं, झोप परत आली. त्या बाई डॉक्टर नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं, आणि विचारायला त्यांना वेळ होता.

जर्मनीत २,१४१ रुग्णांच्या अभ्यासात, २०१४ मध्ये, असं दिसलं की स्तनाचा कर्करोग असलेल्यांपैकी ४२ टक्के जणींना आधीच्या महिन्याभरात कुठला ना कुठला मानसिक विकार होता. सगळ्या कर्करोगांत हे प्रमाण सर्वाधिक. नैराश्य असलेला रुग्ण उपचार नीट न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते, असं २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं. आमची गोळी पाच ते दहा वर्षं रोज घ्यायची असते. तीन वर्षांत तुमच्या ओपीडीत माझं वजन चाळीसेक वेळा तरी झालं असेल. मन कसं आहे, हे शून्य ते दहाच्या पट्टीवर एकदाही कोणी विचारलं नाही. अशी पट्टी आहे. कागदावर काढलेला तापमापक. त्यावर रुग्णाने आपल्या त्रासाच्या आकड्याला गोल करायचा. चार किंवा अधिक आलं तर पुढे चौकशी करायची. एका मिनिटाचं काम. तुम्हाला ती माझ्याहून चांगली माहीत आहे.

आता मागण्या. मी त्या शक्य तितक्या छोट्या ठेवल्यात.

पान अकरावरचा चौथा मुद्दा काढून टाका. त्याच्या जागी काय छापायचं ते मी लिहून देते, पसंत पडलं तर घ्या : 'तुमच्या स्वभावामुळे, रागामुळे किंवा घरातल्या भांडणांमुळे हा आजार झालेला नाही. मोठ्या अभ्यासांत मानसिक ताण आणि स्तनाचा कर्करोग होणे यांचा ठोस संबंध आढळलेला नाही. आजारामुळे येणारा ताण मात्र खरा आहे, आणि त्यावर इथे उपचार मिळतात.' शेवटचं वाक्य छापण्याआधी ते खरं होईल याची व्यवस्था करा. खोली पूर्वीसारखी पाच दिवस उघडा. मद्याचा मुद्दा घाला. तळाची चौकट आणि पान सोळावरचं वाक्य दोन्ही खोडा. त्यांच्या जागी काही नसलं तरी चालेल, कोरी जागा वाईट दिसत नाही.

प्रत्येक तपासणीला तो शून्य ते दहाचा कागद द्या आणि आकडा केसपेपरवर चढवा. झोपेच्या, मनाच्या ज्या काही गोळ्या चालू असतील त्या विचारून टॅमॉक्सिफेनच्या शेजारी लिहा.

नव्या रुग्णाला "घरी काही टेन्शन होतं का?" हा प्रश्न आजाराचं कारण शोधायला म्हणून विचारणं बंद करा. "आता घरी कोण आहे सांभाळायला?" असं विचारा. त्याचं उत्तर तुमच्या उपयोगाचं असतं.

तुमच्या समितीत सध्या एकही रुग्ण नाही. दोन तरी घ्या. मला घ्याच असं नाही, पण मजकूर छापायला जाण्याआधी एकदा माझ्याकडे पाठवलात तर मी प्रुफं फुकट तपासून देईन.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी माझी तपासणी आहे. सोबत पान अकराची पेन्सिलीने रेघ मारलेली प्रत आणणार आहे. तुमच्यापैकी कोणी दहा मिनिटं देऊ शकलं तर बरं होईल.

आपली,
केसपेपरवर जिचं फक्त वजन लिहिलंय अशी एक रुग्ण

ता. क. : नवी पुस्तिका छापायला वेळ लागेल, पैसाही लागेल, हे मला माहीत आहे. आमच्या धंद्यात अशा वेळी शुद्धिपत्रकाची चिकटपट्टी छापून जुन्या प्रतींवर लावतात. वर दिलेला मजकूर चौथ्या मुद्द्याच्या जागेवर बरोबर बसतो, मी मोजून बघितलंय. पट्ट्या आल्या की कळवा. त्या खोलीतल्या खोक्यांमधल्या प्रतींवर चिकटवायला मी आणि माझी मुलगी दोघी येऊ. ती रेघा सरळ मारते, पट्ट्याही सरळ लावेल.